वत्सला बहनजींच्या तीन यॉट

वत्सला बहनजींना न विचारता कूलर विकत घेणारा एक माणूस मला मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसरमध्ये माहीत आहे. तो पुढे फार पस्तावला, आणि तो मीच असल्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही. बाकी गावानं असला आगाऊपणा कधी केला नाही. शिलाई मशीन असो, मोटारपंप असो, मुलीच्या लग्नातलं कपाट असो, माणूस आधी रामाकोना रस्त्यावरच्या बहनजींच्या घरी जायचा, ओसरीवर बसायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "बहनजी, जरा पाहून द्या ना."

बहनजी आमच्या शाळेत गणित शिकवत. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो, म्हणजे अजून शिकवतो आहे. त्या निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी त्या मला 'गुरुजी' आणि 'तुमी' म्हणत. घर शेजारी असल्यामुळे शाळा सुटली की चारचा चहा मी त्यांच्याकडेच घ्यायचो. घरी चहा मिळत नव्हता असं नाही, पण तिथं चहाबरोबर गाव ऐकायला मिळायचं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. जाड पुठ्ठ्याची एक लांब वही, तिच्यात पट्टीनं आखलेले तीन रकाने. कोणतीही वस्तू घ्यायची तर तीनच पाहायच्या. "दोन पाह्यले तर घरात भांडन होते, अन चार पाह्यले तर डोक्स फिरते," असं त्या सांगायच्या. आलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच असायचा, "घेऊन काय करसान?" निम्मी माणसं तिथंच अडखळायची आणि दोनेक तर उठून घरी गेलेली मी पाहिली आहेत.

रामाकोन्याचे शेषराव ट्रॅक्टर घ्यायला निघाले तेव्हा बहनजी त्यांच्याबरोबर पांढुर्ण्याला गेल्या. शोरूममधला पोरगा घोड्यांची ताकद सांगत होता. बहनजींनी ते लिहून घेतलं, पदर खोचला आणि साठीच्या वयात ट्रॅक्टरवर चढल्या. उतरल्या. पुन्हा चढल्या. प्रत्येक ट्रॅक्टरवर दहा दहा वेळा. मग गुडघा चोळत त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "दिवसातून किती खेपा उतरा लागते, हे त्यायच्या कागदावर राहत नाही," त्या मला नंतर म्हणाल्या. शेषरावांना संधिवात होता. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं ते बहनजींनी त्यांच्यासाठी चढून उतरून पाहिलं होतं.

पण एक गोष्ट त्यांनी कधीच केली नाही. 'हा घ्या' असं त्या म्हणत नसत. तिन्ही रकाने भरले की वही समोरच्याकडे फिरवायच्या आणि आपण तांदूळ निवडायला बसायच्या. शेषरावांनी हात जोडले, म्हणाले की बोलू नका, नुसतं बोट दाखवा. बहनजींनी दोन्ही हात तांदळात घातले आणि वर पाहिलंच नाही. तुलना माझी, पसंती ज्याची त्याची, एवढंच त्यांचं म्हणणं. गावाला हा त्यांचा मोठेपणा वाटायचा. मलाही खूप वर्षं तसंच वाटलं.

अरुण त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहावीत होता आणि बहनजी नुकत्याच नोकरीला लागलेल्या. त्यांनीच त्याचे डबे भरले, त्याला शिकवलं, जहाजावर इंजिनिअर म्हणून पाठवलं. उभी हयात जहाजांच्या पोटात काढून तो गोव्यात स्थायिक झाला, आणि मग त्याची बायको वारली. तो दर रविवारी चार वाजता व्हिडिओ कॉल करायचा, म्हणून रविवारच्या चहाला आम्ही तिघं असायचो. अशाच एका रविवारी तो म्हणाला की बाई, मी मोटार यॉट घेऊन राहिलो, मधल्या साइजची, तीन पाहून ठेवल्या, तू तुलना करून दे. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात.

बहनजींनी चष्मा पुसून घातला. "घेऊन काय करशीन?"

"तिच्यातच राहीन. घरात करमत नाही मले. अन तुले संग नेईन. तू तरी तिथं येकटी काय करून राह्यली? पन बाई, शेवटी वही माह्याकडे फिरवू नको. कोनती ते तू सांग. तू सांगशीन तेच घेऊ, अन दोघं तिच्यात राहू."

मी चिवड्याची बशी खाली ठेवली. बहनजी 'हो' म्हणाल्या नाहीत की 'नाही' म्हणाल्या नाहीत. कागद पाठव, एवढंच म्हणाल्या. फोन बंद झाल्यावर मी त्यांना विचारलं की तुम्ही समुद्र कधी पाहिला आहे का. त्या म्हणाल्या, पाहिलाही आणि नाहीही. एकदा शाळेची सहल पुरीला गेली होती. चाळीस मुली पाण्यात उतरल्या आणि बहनजी समुद्राकडे पाठ करून वाळूवर उभ्या राहिल्या, कारण वर येणाऱ्या मुली मोजायच्या होत्या. "आवाज आयकला मी त्याचा. मोठा होता," त्या म्हणाल्या.

तिन्ही यॉटचे कागद आले. ते छापून आणायला आम्ही पांढुर्ण्याला गेलो. दुकानदारानं ती पलंग, पडदे, खिडक्यांची चित्रं पाहून हे लॉज कुठलं म्हणून विचारलं. बहनजींनी त्याला शांतपणे सांगितलं की हे पाण्यावर चालते.

मग वहीत रकाने पडले. पहिली बेचाळीस फुटांची, नवी, आटोपशीर. दुसरी पंचेचाळीस फुटांची, वर गच्ची असलेली, इतकी वेगवान की पळताना नाक वर उचलते. अरुणचा जीव हिच्यात अडकला होता. तिसरी अठ्ठेचाळीस फुटांची, जुनी, जड, बैलगाडीच्या चालीची. बहनजींनी पाण्याच्या टाक्या लिटरमधून बादल्यांत आणल्या आणि दोन माणसांच्या आंघोळी किती दिवस निघतील ते काढलं. दोन्ही इंजिनं मिळून तासाला किती डिझेल पितात, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं का, पाण्याखाली नाव किती बुडते, कुठल्या खाडीत शिरेल, उभी असताना डोलते किती, हे सगळं त्या अरुणला विचारत. त्यानं सांगितलं की डोलणं कमी करायचं एक यंत्र असतं, ते पहिलीत नाही. बहनजींनी लिहिलं, 'नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या.

हे सगळं हिवाळ्यात चाललं होतं. एका सकाळी शाळेत जाताना पाहतो तर बहनजींच्या घरामागच्या आवारात दोन मजूर टेप धरून उभे आणि बहनजी टोपल्यातून चुन्याची रेघ ओढत चाललेल्या. त्या आवारात पूर्वी, त्यांच्या वडिलांचा बगीचा होता तेव्हा, संत्र्यांचे ढीग लागत आणि पेट्या भरल्या जात. आता ती मोकळी जागा होती आणि एका कडेला कडुनिंब. तिथं बहनजींनी तिसरी यॉट आखली, खरोखरीच्या मापानं. पुढचं निमुळतं टोक रस्त्याकडे, मागचा भाग विहिरीकडे. मध्ये बैठक, तिथं स्वयंपाकाचा ओटा, खाली जायचा जिना, दोन खोल्या, मोरी. आठ दिवसांनी पाणी मारून ती पुसली आणि दुसरी आखली, मग पहिली. मग पुन्हा तिसरी. कागदावर कळत नाही, चालून पाहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दिवसांबद्दल मला नीट सांगता येत नाही. चार वाजता मी जायचो तेव्हा उन्हं तिरपी झालेली असत. बहनजी रिकाम्या पेट्या मांडून बैठकीत बसलेल्या असत. मी मागच्या बाजूनं, जिथं दार आखलं होतं तिथूनच आत जायचो. पहिल्या दिवशी मी रेघेवरून सरळ चालत गेलो तर त्या म्हणाल्या, "गुरुजी, भितीतून आले तुमी." त्यानंतर मी कधी भिंतीतून गेलो नाही. चहा प्यायचा आणि गप्प बसायचं. वारा सुटला की कडुनिंबाची सावली त्या पांढऱ्या रेघांवरून हलायची आणि थोडा वेळ पाहत राहिलं की सावली स्थिर आहे आणि आपणच हळूहळू निघालो आहोत असं वाटायचं. आपण कुठं चाललो आहोत हे मी विचारायचो नाही. रामाकोन्याचा रस्ता एका बाजूला, लांब कुठंतरी ट्रक, आणि आम्ही दोघं बारा महिन्यांतला सगळ्यात चांगला उजेड अंगावर घेत बसलेलो. मला आयुष्यात इतकं निवांत फार कमी वेळा वाटलं आहे.

गावानंही ते मान्य करून टाकलं. शेजारची बाई कढीपत्ता मागायला आली तर रेघेबाहेर उभी राहायची. शेषराव एकदा आले, चप्पल बाहेर काढली आणि सपाट जमिनीवर उभे राहून विचारते झाले, "येऊ का वर?" फक्त एक बकरी रोज इंजिनाच्या खोलीतून जायची. तिला कोणी काही म्हणत नसे.

त्या चुन्याच्या बैठकीतच बहनजींनी मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी तीन स्थळं आणली होती. एक लोधीखेड्याचं, दोन नागपूरकडची. बहनजींनी तेव्हाही कागदावर तीन रकाने आखले. "तिन्ही बरे होते, गुरुजी. मी कागद बाबाले देला. बाबा म्हने तूच पाह्य. मी म्हनलं तुमीच पाहा. असा तो कागद या खोलीतून त्या खोलीत फिरला वर्षभर. मंग त्या तिघायचेबी लगनं होऊन गेले." त्या हसल्या. मी हसलो नाही. अरुण लहान होता म्हणून बहनजींनी लग्न केलं नाही, असं गाव सांगतं. मी तसं एकदा म्हणालोही. बहनजी म्हणाल्या की हो, तेही लोक म्हणतात, बरंच आहे ते.

आता माझं सांगून टाकतो, कारण ते लपवून या बाईंबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. मला त्या जायला नको होत्या. तुलना चालू आहे तोवर त्या इथं आहेत, हे माझ्या लवकर लक्षात आलं, आणि मी तुलनेला खतपाणी घालू लागलो. पावसाळ्याचे चार महिने ती ठेवणार कुठं, असं मी एकदा सहज विचारलं. त्यात पंधरा दिवस गेले. बुडाचा रंग किती दिवसांनी द्यावा लागतो, त्यात महिना. वीज पडली तर काय, हे विचारल्यावर तर अरुण गोव्याहून ओरडला की हे कोण विचारून राहिलं. बहनजींनी माझ्याकडे पाहिलं आणि तो प्रश्न वहीत लिहिला. मी बुद्धिमान दिसायचा प्रयत्न करत चहा प्यालो. मला वाटतं त्यांना सगळं कळत होतं, आणि त्यांनाही ते चालत होतं.

जानेवारी संपता संपता अरुण म्हणाला की बाई, मला ते चुन्याचं दाखव तर. बहनजी फोन हातात धरून एकेका खोलीतून त्याला फिरवू लागल्या. ही बैठक, हा ओटा, ही तुझी खोली, ही समोरची माझी. 'माझी' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अरुण आधी हसला आणि मग हसायचा थांबला.

"बाई, तू वरची रुंदी खालपरेंत तशीच घेतली. नाव खाली जाता जाता अरुंद होते. समोर तर लयच."

बहनजी रेघेवर उभ्या राहिल्या. आमच्याकडे भिंत वरून निघते ती सरळ जमिनीत जाते. घर असो, गोठा असो, वरची आणि खालची रुंदी वेगळी असते हे इथं कोणाच्या डोक्यात येणार? गणिताच्या बाईंच्याही आलं नाही. त्यांनी अरुणकडून मापं घेतली आणि जुन्या रेघांच्या आत नव्या रेघा ओढल्या. अरुणची खोली थोडी आवळली. पुढची, त्यांची, संत्र्याच्या फोडीएवढी उरली. उभं राहायला दीड पाऊल जागा आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला पलंग.

मला आनंद झाला. तो लपवायला मी पाणी प्यायला विहिरीकडे गेलो. परत आलो तर बहनजींनी घरातून सतरंजी आणून त्या फोडीत अंथरली होती आणि टोकाकडे पाय करून त्या आडव्या झाल्या होत्या. एक हात रेघेच्या आत नीट घेतलेला, दुसरा डोळ्यांवर. मी जिन्यापाशी पेटीवर बसलो. संत्र्यांना बहार आला होता आणि वारा मागच्या बगीच्यांकडून येत होता. बहनजींना झोप लागली. दुपारी आडवं होणं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या त्या उन्हात अर्धा पाऊण तास झोपल्या, मी तिथंच बसून राहिलो, सावली त्यांच्या पायांवरून पोटावर आली, आणि एवढ्या वेळात त्यांचा एकदाही रेघेबाहेर हात गेला नाही. उठल्यावर त्यांनी केस सारखे केले.

"पुरते, गुरुजी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी नवा प्रश्न काढला नाही.

पुढच्या आठवड्यात अरुणचा निरोप आला. तिसऱ्या यॉटला दुसरं गिऱ्हाईक लागलं होतं आणि मालकाला उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. बहनजींना ती नको असेल तर तो दुसरी घेणार होता, पण काहीतरी सांग, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चारला गेलो तर बहनजी ओसरीवर होत्या, आवारात नव्हत्या. समोर वही. तिन्ही रकाने तळापर्यंत भरलेले. मी बसल्यावर त्यांनी चहा ओतला, कप माझ्याकडे सरकवला आणि मग वही माझ्याकडे फिरवली.

"नाव कोनती ते मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "तुमी येवढं सांगा. मी जाऊ का नको जाऊ?"

वीस वर्षं मी या बाईंना ओळखतो. गाव त्यांना विचारायचं. त्यांनी कोणाला काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात मांडीवर होते आणि समोर तांदूळ नव्हते. आणि मला सांगण्यासारखं खूप होतं. त्यांचे गुडघे, नागपूरहून येणारी औषधं, पावसाळ्यातला समुद्र, अरुणचा तापट स्वभाव. माझा रकाना केव्हाचा भरलेला होता. एक वाक्य पुरलं असतं. 'एवढी घाई कशाला बहनजी, अजून थोडं पाहू' म्हटलं असतं की त्या मान हलवून गप्प बसल्या असत्या आणि पुढची दहा वर्षं चारचा चहा माझाच होता. पण बाप आणि लेक यांच्यात वर्षभर फिरलेला तो कागद आता माझ्या हातात आला होता, आणि मी तो परत त्यांच्याकडे सरकवला तर काय होईल ते मला माहीत होतं.

"जा, बहनजी," मी म्हणालो.

"अन नाही करमलं त?"

"त वापस या. घराची चाबी माह्यापाशीच राहीन."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मला रडू आलं, त्याचा दोष मी गरम चहावर टाकला, आणि त्यांनी तो मुकाट्यानं मान्य केला. मग त्यांनी फोन घेऊन अरुणला सांगितलं की तिसरी घे. तो म्हणाला, बाई, ती हळू चालते, एकदा दुसरीचा विचार कर. "हळूच पाह्यजे," बहनजी म्हणाल्या. "मले कोठं बस पकडाची हाय. अन समोरची खोली माही, सांगून ठेवतो."

आमच्याकडच्या बाया 'ठेवतो'च म्हणतात, पण मला त्या दिवशी ते एखाद्या बाप्याच्या तोंडचं वाटलं, इतकं ठाम होतं.

तीन आठवड्यांनी अरुण गाडी घेऊन आला. सामान थोडंच होतं. एक पेटी, दोन पिशव्या, कुकर. शेषराव संत्र्यांचं खोकं घेऊन आले आणि ते डिकीत मावत नाही म्हणून बराच वेळ भांडले. शेजारणी रडल्या. बहनजी सगळ्यांना एकदाच, एका दमात भेटल्या, माझ्या हातात किल्ली दिली, आणि पोथ्यांना वाळवी लागू देऊ नका म्हणाल्या. मी काहीतरी छान बोलायचं ठरवलं होतं. मराठी शिकवतो मी. मी म्हणालो, "सांभाळून."

त्या पुढच्या सीटवर बसल्या. गाडी रामाकोना रस्त्याला लागली आणि काचेतून त्यांचा हात वर गेलेला दिसला. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हलवला. मग मला नीट दिसलं की त्यांचं तोंड आमच्याकडे नाहीच. त्या अरुणला काहीतरी विचारत होत्या, बोटं पसरून, हात आडवा करून, उभा करून, पाण्यावर काय होतं आणि पाण्याखाली काय होतं असं काहीतरी, आणि तो गाडी चालवता चालवता मान हलवत होता. वळणापर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मी माझा खाली घेतला नाही.